वॉलक्रीपर

वॉलक्रीपर : उंच पर्वतांतील उभ्या कातळकड्यांवर राहणारा एक लहान पक्षी. याचा समावेश पॅसेरिफॉर्मीस गणात होत असून त्याचे शास्त्रीय नाव टिकोड्रोमा म्यूरॅरिया असे आहे. टिकोड्रोमा या प्रजातीतील ही एकमेव हयात जाती होय. स्पेनमधील पर्वतांपासून मध्य चीनपर्यंत पसरलेल्या पर्वतरांगांत तो आढळतो. भारतात तो हिमालयात आढळतो. आकाराने तो साधारण चिमणीएवढा असतो. शरीर राखाडी रंगाचे असल्यामुळे कड्यावर तो स्थिर बसला असता सहजी दिसत नाही परंतु पंख उघडताच त्यांवरील किरमिजी रंग एकदम झळकतो. बहुतेक लहान पक्ष्यांचे जीवन जमीन, झुडपे व झाडे यांच्याशी निगडित असते. या पक्ष्याचे अन्न, निवारा, घरटे व रात्रीची विश्रांती ही सर्व उभ्या खडकाशी जोडलेली आहेत. त्यामुळे त्याच्या शरीराची ठेवण, हालचाली, प्रजनन व ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर यांचा उलगडा त्याच्या निवासस्थानावरूनच होतो.

नाव व वर्गीकरण : प्रजातीचे नाव ‘भिंत’ व ‘धावणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आणि जातीचे नाव ‘भिंत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. यूरोपातील निरनिराळ्या भाषांतील त्याची नावेही अशीच बोलकी आहेत. जर्मन नावाचा अर्थ ‘भिंतीवर धावणारा’, स्पॅनिश नावाचा ‘कडे चढणारा’, तर इटालियन नावाचा ‘भिंतीवरचा सुतार पक्षी’ असा होतो. फ्रेंच नावात ‘लहान शिडी’ या अर्थाचा शब्द आहे. पक्षी कड्याऐवजी भिंतीच्या नावाने ओळखला जावा, याचे कारण असे की, त्याची वीण दुर्गम कड्यांवर होत असली, तरी हिवाळ्यात तो खाली उतरून जुने किल्ले, चर्च व पूल यांच्या दगडी भिंतींवर येतो आणि तेथेच तो माणसाच्या दृष्टीस अधिक पडतो.

कार्ल लिनीअस यांनी १७६६ मध्ये या पक्ष्याचे वर्णन करताना त्याला सर्थिया या प्रजातीत, म्हणजे झाडांच्या खोडांवर चढणाऱ्या ट्रीक्रीपर पक्ष्यांबरोबर ठेवले होते. बारीक व बाकदार चोच आणि उभ्या पृष्ठभागावर चढण्याची सवय ही दोहोंत समान असल्याने त्या काळी हे वर्गीकरण स्वाभाविक होते. १८११ मध्ये योहान इलिगर यांनी त्याच्यासाठी टिकोड्रोमा ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. पुढे शरीररचनेच्या व सवयींच्या अभ्यासावरून त्याचे शिलींध्री पक्ष्यांशी अधिक जवळचे नाते असावे, असे मत पुढे आले. रेणवीय अभ्यासांनीही त्याला शिलींध्रींच्या जवळ स्थान दिले आहे. काही वैज्ञानिक त्याचा समावेश शिलींध्रींच्या सिटिडी कुलात एक उपकुल म्हणून करतात, तर काही त्याच्यासाठी टिकोड्रोमिडी हे स्वतंत्र कुल मानतात. ट्रीक्रीपरशी असलेले त्याचे साम्य हे मुख्यतः सारख्या जीवनपद्धतीतून आलेले आहे. फटींतील लहान कीटक काढून खाण्यासाठी लांब, बारीक चोच उपयोगी पडते, मग ती फट सालीतील असो वा खडकातील. बाह्य साम्यावरून नाते ठरविताना किती सावध राहावे लागते, याचे हा पक्षी एक चांगले उदाहरण आहे [→ क्रमविकास].

या जातीच्या दोन उपजाती मानल्या जातात. टि. म्यू. म्यूरॅरिया ही उपजाती यूरोपपासून इराणपर्यंत, तर टि. म्यू. नेपालेन्सिस ही त्याच्या पूर्वेस मध्य आशिया, हिमालय व चीन येथे आढळते. पूर्वेकडील पक्ष्यांचा रंग किंचित गडद असतो. दोन उपजातींतील भेद इतका अल्प आहे, की मोकळ्या निसर्गात केवळ रंगावरून त्या ओळखणे कठीण जाते.

प्रसार व निवासस्थान : कँटेब्रियन, पिरेनीज, आल्प्स, ॲपेनाइन्स व कार्पेथियन हे पर्वत, बाल्कन द्वीपकल्पातील डोंगर, तुर्कस्तान, कॉकेशस, इराणमधील पर्वत, हिंदुकुश, पामीर, तिएनशान, हिमालय, तिबेट व मध्य चीन असा याचा प्रसार आहे. नकाशावर हा पट्टा लांबलचक दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो सलग नाही. पर्वतांच्या मधली मैदाने, वने व वाळवंटे सोडली आणि पर्वतांतीलही उभे कडे तेवढे धरले, तर या पक्ष्याच्या वाट्याला येणारी जागा विखुरलेल्या बेटांसारखी उरते.

विणीच्या हंगामात तो यूरोपात सु. १,००० ते ३,००० मी. उंचीवर, तिएनशानमध्ये सु. २,८०० ते ४,००० मी. उंचीवर आणि हिमालयात सु. ३,६०० ते ५,१०० मी. उंचीवर राहतो. केवळ उंची त्याला पुरेशी नसते. उभा, भेगाळलेला व खडबडीत खडक असावा लागतो. यूरोपात चुनखडकाचे कडे त्याला विशेष मानवतात, कारण पाण्याने झिजून त्यांत फटी, कोनाडे व पोकळ्या मोठ्या प्रमाणात निर्माण होतात. सर्वस्वी कोरडा व गुळगुळीत कडा त्याच्या उपयोगाचा नसतो. पाण्याचा पाझर, शेवाळ, फटींतून उगवलेले गवताचे झुपके व लहान वनस्पती असतील तेथे कीटक व कोळी मिळतात. या कारणाने ओढ्यांच्या अरुंद घळी व धबधब्यांच्या बाजूचे कडे त्याच्या आवडीची ठिकाणे असतात.

वर्णन : शरीराची लांबी १५.५–१७ सेंमी. आणि वजन सु. १७–१९ ग्रॅ. असते. पंखांचा विस्तार सु. २७–३२ सेंमी. असतो. चिमणीशी तुलना केल्यास त्याचे वजन कमी, परंतु पंखांचा विस्तार अधिक भरतो. पंख रुंद असून त्यांची टोके गोलसर असतात. शरीराचा वरचा भाग निळसर राखाडी, उड्डाण पिसे व शेपटी काळपट असतात. पंखांवरील आच्छादक पिसे आणि उड्डाण पिसांचे बुडाकडील भाग गडद किरमिजी असतात. बाहेरच्या काही उड्डाण पिसांवर पांढरे, गोल ठिपके असतात. ते पंख पसरल्यावर उठून दिसतात. शेपटी आखूड असून तिच्या बाहेरच्या कडांवर पांढरा रंग असतो. चोच काळी, लांब, बारीक व खाली किंचित बाकदार असते. पाय काळे असून बोटे लांब असतात व त्यांना तीक्ष्ण, वाकड्या नख्या असतात. मागच्या बोटाची नखी विशेष लांब असते.

विणीच्या हंगामात नराचा गळा व छाती काळी होते. मादीच्या गळ्यावरील काळा भाग लहान व फिकट असतो किंवा नसतोही. हिवाळ्यात दोघांचाही गळा पांढुरका असतो आणि मग नर व मादी ओळखणे अवघड जाते. वर्षातून दोनदा पिसे बदलतात. वीण संपल्यावर सर्व पिसे नवी येतात, तर विणीपूर्वी फक्त काही पिसे बदलतात व त्या वेळी गळ्याला काळा रंग येतो. पिलांचा रंग प्रौढाच्या हिवाळी रंगासारखा असतो, मात्र त्यांची चोच सुरुवातीस सरळ असते.

चढण्याची रीत : उभ्या पृष्ठभागावर चढणाऱ्या पक्ष्यांत तोल सांभाळण्याच्या निरनिराळ्या रीती आढळतात. सुतार पक्षी व ट्रीक्रीपर यांच्या शेपटीची पिसे ताठ असतात. शेपटी खोडाला टेकवून ते शरीराला तिसरा आधार देतात. या आधाराशिवाय त्यांचे चालत नसल्याने पिसे बदलताना शेपटीची मधली दोन पिसे इतर शेपटी-पिसे वाढून येईपर्यंत गळत नाहीत. शिलींध्री शेपटीचा उपयोग करीत नाहीत. त्या एक पाय वर व एक खाली ठेवून पकड घेतात आणि डोके खाली करूनही खोडावरून उतरतात. वॉलक्रीपरची शेपटी मऊ व आखूड असल्याने ती टेकू म्हणून उपयोगी पडत नाही. शिलींध्रीप्रमाणे डोके खाली करून उतरण्याची सवयही त्याला नाही. तो लांब बोटे व नख्या यांनी खडकाच्या खाचांना धरून लहान उड्या मारीत वर चढतो आणि जेथे पाय पुरत नाही तेथे पंखांची अर्धवट उघडझाप करून शरीर वर उचलतो.

कड्याच्या खालच्या भागापासून सुरुवात करून तो फटी तपासत वर जातो. एक पट्टा संपला की कड्यापासून सुटून खाली येतो आणि शेजारच्या पट्ट्यावर पुन्हा तळापासून चढू लागतो. अशा रीतीने दिवसाचा बहुतेक वेळ चढण्यात जातो. खाली येण्याचे व एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जाण्याचे काम पंख करतात. हलके शरीर व रुंद पंख यांमुळे त्याला अगदी सावकाश, कड्याला लागून, वळणे घेत उडता येते. वाऱ्याचे झोत कड्यावर आपटून वर चढतात तेथेही तो सहज वावरतो. त्याचे उडणे फुलपाखरासारखे हेलकावे घेत जाणारे असून रुंद, गोलसर पंखांमुळे हुदहुद पक्ष्याच्या उडण्याची आठवण होते.

पंखांची उघडझाप : या पक्ष्याची सर्वांत लक्षणीय सवय म्हणजे कड्यावर वावरताना थोड्या थोड्या वेळाने पंख झटक्याने किंचित उघडून मिटणे. पंख मिटलेले असताना किरमिजी रंग बराचसा झाकलेला असतो. उघडताच तो आणि पांढरे ठिपके क्षणभर दिसतात व पुन्हा नाहीसे होतात. या हालचालीचा उपयोग एकच नसावा. चढताना तोल सांभाळण्यास ती मदत करते, तसेच फटींत दडलेले कीटक तिने विचलित होत असावेत. परंतु किरमिजी रंग व ठिपके यांचे स्पष्टीकरण एवढ्याने होत नाही. प्रतिस्पर्ध्याला धमकावताना आणि नराने मादीसमोर प्रियाराधन करताना हेच पंख पूर्ण पसरून दाखविले जातात. त्यावरून हा रंग मुख्यतः इतर वॉलक्रीपरांना उद्देशून केलेला संकेत आहे, हे दिसून येते. घळीत पाण्याचा आवाज मोठा असतो व कड्याच्या पार्श्वभूमीवर राखाडी पक्षी दिसत नाही. अशा ठिकाणी दुरून दिसणारा आणि इच्छेनुसार झाकता येणारा रंग सोयीचा ठरतो. एरव्ही शिकारी पक्ष्यांपासून त्याचा राखाडी रंगच त्याचे संरक्षण करतो.

अन्न : कीटक व कोळी हे याचे मुख्य अन्न होय. प्रौढ कीटकांबरोबर त्यांची अंडी, अळ्या व कोश हेही तो खातो. लांब पायांचे कोळ्यांसारखे दिसणारे ओपिलिओनीज गणातील प्राणी व गोमा यांचाही त्यात समावेश असतो. चोच लांब व बारीक असल्याने अरुंद फटीच्या तळाशी असलेले भक्ष्य त्याला टिपता येते. कड्यासमोरून उडणारे कीटक तो कधीकधी झेप घेऊन हवेतही पकडतो. हिवाळ्यात नदीच्या पात्रातील गोट्यांमध्ये व जमिनीवरही तो अन्न शोधतो.

उंच पर्वतावर लहान कीटकभक्षक पक्ष्याला राहता येणे हे वरवर पाहता आश्चर्याचे वाटते. येथे उभ्या खडकाचा एक गुण महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे त्यावर बर्फ साचत नाही. सपाट जमीन व उतार बर्फाखाली गाडले गेले असतानाही कड्याचा मोठा भाग उघडा राहतो. उन्हाकडे तोंड असलेला खडक दिवसा तापतो, फटींतील कीटक व कोळी त्या उबेत वावरू लागतात आणि इतर पक्ष्यांना न मिळणारे अन्न वॉलक्रीपरला मिळते. तथापि कडाक्याच्या थंडीत फटी बर्फाच्या पापुद्र्याने बंद झाल्या म्हणजे हा साठाही त्याला दुर्लभ होतो व तो खाली उतरतो.

आवाज व क्षेत्ररक्षण : याचे गाणे बारीक, उंच स्वराच्या शिट्ट्यांचे असून त्यातील स्वर लांबत व चढत जातात. नराप्रमाणे मादीही गाते. विणीच्या हंगामात नर गाऊन आपल्या क्षेत्राची जाहिरात करतो, तर हिवाळ्यात मादीही आपल्या क्षेत्राचे रक्षण करताना गाते. विणीच्या काळात जोडी मिळून एका क्षेत्राचे रक्षण करते. अन्न विरळ असल्याने एका जोडीला कड्याचा मोठा भाग लागतो आणि जोड्या एकमेकींपासून दूर असतात. वीण संपल्यावर जोडी फुटते. हिवाळ्यात प्रत्येक पक्षी, नर असो वा मादी, एकटा राहतो व आपल्या वाट्याच्या कड्यावर किंवा भिंतीवर दुसऱ्या वॉलक्रीपरला येऊ देत नाही. पूर्वीच्या जोडीदारालाही तेथे थारा नसतो. रात्री तो एखाद्या फटीत शिरून झोपतो.

प्रजनन : विणीचा हंगाम मे ते जुलै असा असतो. उंची व बर्फ वितळण्याचा काळ यांनुसार तो थोडा मागे-पुढे होतो. घरटे खडकाच्या खोल फटीत असते. मोठ्या शिळांच्या ढिगाऱ्यातील पोकळीत व क्वचित इमारतीच्या भिंतीतील भोकातही ते आढळते. घरट्याच्या जागेला पुष्कळदा दोन तोंडे असतात. अशा जागेत आत शिरण्यास एक व बाहेर पडण्यास दुसरी वाट मिळते. चांगली फट वर्षानुवर्षे पुन्हा वापरली जाते. घरटे मादी बांधते. शेवाळ, गवत व मुळ्या यांचे बाहेरचे आवरण करून आत पिसे, लोकर, केस अशा मऊ पदार्थांचे अस्तर घातले जाते.

मादी सामान्यतः ४-५, कधीकधी ३ अंडी घालते. ती पांढरी असून त्यांवर तांबूस तपकिरी वा काळपट रंगाचे थोडे बारीक ठिपके असतात. अंडी फक्त मादी उबविते. या काळात नर तिला अन्न आणून भरवितो. सु. १९-२० दिवसांनी पिले बाहेर पडतात. नर व मादी दोघेही पिलांना भरवितात. पिले सु. २८–३० दिवस घरट्यात राहतात. वर्षातून एकच वीण होते.

घरट्यातील हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. झुडपांत उघडे घरटे करणाऱ्या या आकाराच्या अनेक पक्ष्यांची पिले दोन आठवड्यांच्या आतबाहेर घरटे सोडतात. त्या वेळी त्यांना नीट उडता येत नसते परंतु पानांत, गवतात ती लपून राहू शकतात व आईबाप त्यांना तेथे भरवितात. कड्यावरच्या पिलाला ही सवलत नसते. फटीच्या बाहेर पाऊल टाकताच त्याला उभ्या खडकाची पकड घेता आली पाहिजे व पकड सुटली तर उडता आले पाहिजे. उलट, खोल फटीत शत्रूचे भय कमी असल्याने तेथे अधिक दिवस राहणे परवडते. सुरक्षित घरटे व धोक्याचे बाहेरचे जग यांचा मेळ दुप्पट लांबलेल्या बाल्यावस्थेने घातलेला आहे. याची किंमत मात्र मोठी आहे. अंडी घालण्यापासून पिले उडेपर्यंत सु. ७ आठवडे लागतात. उंच पर्वतावरील उन्हाळा आखूड असल्याने एक वीण वाया गेली, तर त्या वर्षी ती भरून काढण्यास थोडाच अवधी उरतो.

हिवाळी स्थलांतर : शरद ऋतूपासून वॉलक्रीपर उंच कडे सोडून खाली येऊ लागतो. बहुतेक पक्ष्यांचे स्थलांतर पर्वताच्या वरच्या भागातून खालच्या भागात एवढेच मर्यादित असते. काही मात्र दूरवर जातात व समुद्रसपाटीपर्यंतही पोहोचतात. खाली आल्यावर तो जेथे उभा दगड मिळेल तेथे थांबतो. दगडाच्या खाणी, नदीच्या धडी, रस्त्यांसाठी कापलेल्या दरडी, पूल, किल्ले, चर्चचे मनोरे व अवशेषरूपाने उरलेल्या वास्तू ही त्याची हिवाळी ठिकाणे असतात. सांध्यांतून गवत उगवलेली जुनी दगडी भिंत त्याच्या दृष्टीने लहानसा कडाच असते. गिलावा केलेल्या किंवा सांधे बुजवून गुळगुळीत केलेल्या भिंतीत त्याला काही मिळत नाही. माणसाची चाहूल लागताच तो दूर जाईल अशी अपेक्षा असते, पण भिंतीवर अन्न शोधत असताना पुष्कळदा तो खालच्या वर्दळीची फारशी पर्वा करीत नाही.

नेहमीच्या प्रदेशाबाहेर आढळलेल्या पक्ष्यांच्या काही नोंदी प्रसिद्ध आहेत. ब्रिटनमधील पहिली नोंद १७९२ ची असून त्या वर्षी नॉरफोकमधील स्ट्रॅटन स्ट्रॉलेस येथे मारल्या गेलेल्या पक्ष्याची माहिती रॉबर्ट मार्शम यांनी गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग-अभ्यासकांना पत्राने कळविली होती. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील चेडर घळीत १९७६-७७ आणि १९७७-७८ अशा लागोपाठ दोन हिवाळ्यांत एक वॉलक्रीपर राहिला. नेदर्लंड्ससारख्या सपाट देशात ॲम्स्टरडॅम शहरातील एका विद्यापीठाच्या इमारतीवर १९८९ ते १९९१ या काळातील दोन हिवाळ्यांत असाच एक पक्षी दिसत होता. या देशांत त्याची वीण होत नाही. मधल्या उन्हाळ्यात पर्वताकडे जाऊन पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच कड्यावर किंवा इमारतीवर परत येण्याइतकी ठिकाणाविषयीची निष्ठा या पक्ष्यात असते, हे अशा नोंदींवरून दिसते. कड्यांचा आकार व फटी एवढेच त्याला ओळखीचे असतात. तो खडक निसर्गाने घडविलेला की माणसाने रचलेला, याने त्याला फरक पडत नाही.

भारतातील आढळ : भारतात लडाख व काश्मीरपासून हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व सिक्कीम या मार्गाने अरुणाचल प्रदेशापर्यंत हिमालयात याचा आढळ आहे. उन्हाळ्यात तो वृक्षरेषेच्या वर, हिमनद्यांच्या परिसरातील कड्यांवर असतो व त्या काळात तो गिर्यारोहक, मेंढपाळ व अभ्यासक यांखेरीज फारशा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हिवाळ्यात तो हिमालयाच्या पायथ्यापर्यंत उतरतो. उत्तराखंडात कोसी नदीच्या पात्रातील गोटे व काठच्या दरडी ही त्याला पाहण्याची परिचित ठिकाणे आहेत. गोट्यांवरून उडत जाणारा किरमिजी पंखांचा पक्षी तेथे हिवाळ्याच्या दिवसांत पक्षिनिरीक्षकांचे लक्ष वेधून घेतो.

महाराष्ट्र त्याच्या प्रसारक्षेत्राच्या बाहेर आहे. सह्याद्रीत कातळाचे उंच कडे विपुल असून त्यांवर पाकोळ्यांच्या काही जाती घरटी करतात व हिवाळ्यात निळा शैलकस्तुर येतो. परंतु पाकोळ्या आपले अन्न हवेत पकडतात आणि शैलकस्तुर उंचवट्यावर बसून भक्ष्यावर झेप घेतो. कातळाचा पृष्ठभागच पायाखाली घालून त्यातील एकेक फट तपासत चढणारा वॉलक्रीपरसारखा पक्षी सह्याद्रीत नाही. उभ्या खडकावर राहणे व उभ्या खडकावर जगणे यांतील हा भेद आहे.

अभ्यास : घरटी दुर्गम कड्यांवर असल्याने या पक्ष्याच्या जीवनक्रमाची माहिती हळूहळूच जमा झाली. घरटे जमिनीपासून काही मीटरांवर असू शकते, तसेच शेकडो मीटर उंच कड्याच्या मधोमधही असू शकते. फट खोल असल्याने कड्यावर दोरीने उतरूनही आतील अंडी व पिले पाहणे कठीण असते. जर्मन पक्षिवैज्ञानिक हान्स ल्योर्ल यांनी या जातीच्या वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा वॉलक्रीपरवरील स्वतंत्र ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्लोव्हाकियातील कार्पेथियन पर्वतांत मिरोस्लाव सानिगा यांनी तेथील चुनखडकांच्या कड्यांवरील घरट्यांचा अभ्यास केला. यूरोपातील पक्ष्यांच्या मानाने मध्य आशियातील व हिमालयातील पक्ष्यांचा अभ्यास थोडा झालेला आहे.

संरक्षण : प्रसारक्षेत्र विस्तीर्ण असल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या जातीची गणना संकटग्रस्त जातींत केलेली नाही. मनुष्यवस्तीपासून दूर, शेतीस निरुपयोगी अशा जागी राहत असल्याने वनांतील व मैदानांतील पक्ष्यांवर आलेले जमिनीच्या वापरातील बदलांचे संकट त्याच्यावर फारसे आलेले नाही. तरीही तो पूर्णपणे निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. विणीच्या काळात एखाद्या कड्यावर गिर्यारोहकांची सतत ये-जा झाल्यास पिलांना भरविण्यात व्यत्यय येतो. सात आठवड्यांच्या त्या काळात घरट्याची फट असलेला भाग चढाईसाठी बंद ठेवल्यास ही अडचण टळू शकते. जुन्या दगडी वास्तूंची दुरुस्ती करताना सगळे सांधे बुजविले गेले, तर त्याची हिवाळी भक्ष्यस्थाने नाहीशी होतात.

याहून दूरगामी प्रश्न तापमानवाढीचा आहे. हवा तापू लागली म्हणजे पर्वतावरील थंड पट्टे वर सरकतात व त्यांच्याबरोबर तेथील वनस्पती व प्राणीही वर सरकू लागतात. परंतु पर्वत वर निमुळता होत जातो. वरच्या पट्ट्यात जागा कमी असते आणि असलेल्या जागेतही पाझर, फटी व गवताचे झुपके यांनी युक्त असे उभे कडे असतीलच असे नाही. बर्फ वितळण्याची वेळ बदलली, तर कीटकांच्या विपुलतेचा काळ आणि पिलांना भरविण्याचा काळ यांचा मेळ बिघडू शकतो. वर्षातून एकच वीण करणाऱ्या पक्ष्याला असा बिघाड जड जातो. झाडांवर राहणाऱ्या पक्ष्यासाठी नवे वन लावता येते. कडा मात्र लावता येत नाही. म्हणून ज्या पर्वतांत हा पक्षी आज टिकून आहे, तेथील कडे व घळी यांची नैसर्गिक स्थिती अबाधित राखणे हाच त्याच्या संरक्षणाचा खरा उपाय होय.